चौदा वर्षांचा गाळ

बिझर्तच्या खाऱ्या तळ्यातला, शिंपल्यांच्या शेतीजवळचा गाळ दोन बायकांनी मोजला. एकाच दिवशी, एकाच होडीतून आणलेला, एकाच बादलीतला. जलिलाला किलोमागे प्लास्टिकचे चाळीस कण सापडले आणि सोंदुसला तेराशे. वर्तमानपत्रात तेराशे छापून आले. चाळीस कोण छापतं?

झालं, तेव्हापासून जलिलाला अन्न गोड लागेना. चौदा वर्षं तिनं या तळ्याचा गाळ मोजला होता. प्रयोगशाळेत कुणी प्लास्टिकचं नावही काढत नव्हतं तेव्हा ती गमबूट घालून चिखलात उतरत होती, आणि ‘मासे सोडून कचरा काय मोजता’ म्हणून हसणाऱ्यांना तोंड देत होती. मिठाच्या दाट पाण्यात गाळ ढवळायचा, वर तरंगेल ते चाळणीत धरायचं, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेका कणाला तापलेली सुई लावायची. आक्रसला तर प्लास्टिक, नुसता जळला तर गवताची काडी. तिची नजर अशी तयार झाली होती की सुई लावायच्या आधीच तिला कळायचं. पाहुणे आले की ‘हा आमच्या जलिलाचा डोळा’ असं म्हणून तिची ओळख करून देत. आता पाहुणे थेट आतल्या खोलीत नेले जात, कारण सोंदुसनं फ्रान्समधल्या ब्रेस्तहून परत येताना एक यंत्र मिळवून आणलं होतं. कण कशाचा आहे ते यंत्रच सांगे. त्याला कुणाचा डोळा लागत नव्हता.

सोंदुस एकतीस वर्षांची. येऊन आठ महिने झाले होते. तिचं वाईट वागणं जलिलानं पुष्कळ शोधलं, पण सापडेना, आणि खरी अडचण तीच होती. पोरगी सकाळी आल्या आल्या दोन्ही गालांचे मुके घेई, ‘लल्ला जलिला’ म्हणून मान देई, चहातला पुदिना ‘मला जास्त नको’ म्हणत हिच्या पेल्यात टाकी. असल्या माणसाचा राग तरी कसा करावा? जलिला करत होती. मन लावून करत होती.

होडीवाला अम्म मुंजी तिच्या बाजूचा आहे अशी तिची समजूत होती. चौदा वर्षं याच काकाच्या होडीतून ती तळ्यावर गेली होती. जूनच्या शेवटी तो अंजिरांची टोपली घेऊन आला आणि टोपली टेबलावर ठेवून म्हणाला, “लल्ला, मला एक सांगा. तळं तेच, चिखल तोच, बादली तर माझीच. मग तुमचे चाळीस अन् तिचे तेराशे कसे? पोरगी फ्रान्सहून खिसे भरून आली काय?”

जलिलाला कित्येक दिवसांनी हसू फुटलं. पण खोटं बोलणं तिच्या हातून झालं नाही.

“नाही हो काका. तुमची बायको कुसकुस चाळते ना? एक मोठ्या भोकांची चाळणी, एक बारीक. माझी चाळणी मोठ्या भोकांची. त्यातून खाली पडतं ते हिच्या चाळणीत अडकतं. मी दाणे मोजले, ती पीठ मोजते.”

“अस्सं!” म्हाताऱ्यानं मान डोलावली. “म्हणजे तुम्ही चौदा वर्षं पीठ सांडत होतात?”

त्याच्या मनात काही नव्हतं, तो आपला समजून घेत होता. पण जलिलाचा चेहरा उतरला. त्यात भर म्हणजे त्यानं टोपलीतल्या अंजिरांचे दोन वाटे केले, अगदी मापानं केल्यासारखे सारखे, आणि एक वाटा घेऊन तो आतल्या खोलीकडे गेला. वर्षातलं पहिलं अंजीर आजवर जलिलाच्या हातावर पडत आलं होतं. वर्तमानपत्राचं तिला लागलं नसेल एवढं त्या अर्ध्या अंजिरांचं लागलं.

आणि मग संचालकांनी, म्हणजे सगळे मानानं ‘सी’ लावून हाक मारत त्या सी तौफिक यांनी, तिला बोलावून घेतलं. कानावर मोगऱ्याचा गजरा खोचलेला हा माणूस वाईट बातमीही दुकानदारासारखी गोड करून देई. तळ्याचा मोठा अहवाल जुलैअखेर मंत्रालयात जायचा होता.

“बसा जलिला. उकाडा काय म्हणतोय? हे तुमचे आकडे. बत्तीस, पस्तीस, एकोणचाळीस, असे चौदा वर्षं. आणि शेवटी सोंदुसचे एकदम तेराशे. वाचणाऱ्याला वाटेल, यंदा तळ्यात प्लास्टिकचा ट्रक उलटला.”

“मग तिचे काढा.”

सी तौफिक हसले. “जगात आता सगळे बारीक चाळणीनं मोजतायत. तुमचे आणि तिचे आकडे एका रेघेवर बसवायची काही वाट निघाली तर फारच छान. नाही निघाली तर तुमचे काढावे लागतील.”

“काढावे म्हणजे मागे जोडायचे, पुरवणीत?”

“काढावे म्हणजे काढावे, बाई. गुरुवारी ठरवू.”

जलिला बाहेर आली तेव्हा तिच्या कानशिलातून वाफा निघत होत्या. चौदा वर्षं! नवऱ्याच्या आजारपणात ती तळ्यावर गेली होती. मुलीच्या साखरपुड्याच्या सकाळी तिच्या नखांत गाळ होता. आणि ते सगळं एका रेघेवर बसत नाही म्हणून पुसायचं. तिला चाळणीचा राग आला नाही, सी तौफिकचाही आला नाही. राग आला तो आतल्या खोलीतल्या त्या पोरीचा. ती आली नसती तर चाळीस हा आकडा चाळीसच राहिला असता आणि सगळ्यांना पुरला असता.

त्या आतल्या खोलीचे चोचले तर विचारू नका. इतकं बारीक मोजायचं तर हवेतून पडणारा धागाही मोजला जातो, म्हणून खोलीत पंखा नाही, खिडकीच्या फटींना चिकटपट्टी, अंगावर सुती डगला, आणि नमुने उघडे असले की दुसऱ्या कुणाला प्रवेश नाही. नमुन्यांशेजारी एक कोरी बशी उघडी ठेवलेली असे. तिच्यात नुसता ओला कागद. त्या कागदावर जे सापडेल ते हवेतून पडलेलं. तीन-चार धागे सापडले तर ठीक, जास्त सापडले तर नमुन्यांत गाळाचं किती आणि हवेतलं किती ते कळायला मार्ग नाही, सगळा घाणा फेकून द्यायचा. जलिलानं चौदा वर्षांत कधी कोरी बशी ठेवली नव्हती. तिचे कण मोठे होते, हवेतून पडणारे नव्हते. पण हे सांगायला गेलं की समोरच्याचा चेहरा असा व्हायचा की सांगणंच नको.

त्या आठवड्यात सोंदुसचं काहीतरी चाललं होतं. दारातल्या काचेतून जलिलाला दिसे, पोरगी घामानं निथळतेय, केस कपाळाला चिकटलेत, पण मान वर नाही. जलिला दिसली की ती वही मिटे. बरं, मिटून गप्प बसावं ना? मधेच बाहेर येऊन विचारी, “लल्ला, सुरुवातीच्या वर्षांत तुम्ही वरचा किती बोटं गाळ घ्यायचात?”

“का? त्यातही चूक काढायचीय?”

“नाही हो, सहज विचारलं.”

“चार बोटं. लिहून ठेव, उद्या उपयोगी पडेल.”

सोंदुस ओशाळून हसली आणि खरंच आत जाऊन लिहून आली. जलिलाला खात्रीच पटली. ही गुरुवारी सगळ्यांसमोर आपली पद्धत कशी कच्ची होती ते मांडणार. आधी एप्रिलात हिनं जिन्याखालच्या कपाटातल्या जुन्या बरण्या मागितल्या होत्या. तेव्हा जलिलानं तिला चांगलंच झाडलं होतं. “माझ्या बरण्यांना हात लावायचा नाही. मी निवृत्त झाले की काय ते कर.” त्यावर पोरगी पुन्हा बरण्यांचं बोलली नव्हती. बरण्या नाहीत तर नाहीत, आता ही तोंडी उलटतपासणी.

बुधवारी सकाळी आतल्या खोलीत नऊ बशा वाळत ठेवलेल्या दिसल्या, झाकणं किंचित तिरपी करून. अकरा वाजता सोंदुस डगला काढून, तोंड धुऊन बाहेर आली. तिला रेडिओवर बोलावलं होतं.

“लल्ला, पाय कापतायत माझे. तुम्हीही चला ना.”

“मला कुणी बोलावलंय?” जलिला म्हणाली, आणि सोंदुस एकटी गेली.

बारा वाजता सगळे चहाच्या खोलीत रेडिओभोवती जमले. कारकून हयातनं आवाज मोठा केला. सोंदुसचा आवाज आधी बारीक होता, मग सावरला. ती म्हणाली, “हे तळं मोजायला आमच्याकडे मादाम जलिला यांनी सुरुवात केली. त्यांनी चौदा वर्षं मोजलं नसतं तर माझ्या आकड्याला काही अर्थच नसता.”

“ऐकलंत लल्ला? तुमचं नाव घेतलं!” हयातनं टाळी वाजवली.

“ऐकलं.”

तिच्याऐवजी दुसरं कुणी असतं तर सुखावलं असतं. जलिलाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आता आपलं कौतुकसुद्धा हिनं करायचं, तेव्हा ते लोकांपर्यंत पोचणार. चौदा वर्षांत रेडिओवाल्यांना आपला पत्ता सापडला नव्हता. हिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान उलट चार शिव्या देता आल्या असत्या.

उन्हाळ्यात कचेरी दोनला सुटते. दीडपासूनच माणसं पांगायला लागली. जलिला सगळ्यांत जुनी, तेव्हा किल्ल्यांचा जुडगा तिच्याकडे असे. दोन वाजता आवार रिकामं झालं आणि ती आतल्या खोलीचं दार उघडून आत गेली. डगला घातला नाही.

खोली भट्टीसारखी तापली होती. बाहेर दक्षिणेचा शहिली वारा सुटला होता. समोरच्या गच्चीवर महबूबा मावशी आणि तिच्या दोन सुना हिवाळ्यातली पांघरुणं धूत होत्या. बिझर्तमधल्या प्रत्येक गच्चीवर जुलैत हेच चालतं. पूर्वी लोकर असायची, आता सगळी बाजारातली फुगीर, रंगीत, प्लास्टिकच्या धाग्यांची. वाळलेलं पांघरूण दोरीवर टाकून सुना काठीनं झोडपत होत्या, आणि प्रत्येक फटक्याला उन्हात भुरका उडत होता.

जलिला ते बघत उभी राहिली. तिला सगळं नीट कळत होतं. उद्या कुणी म्हणेल की तिला कळलं नाही, तर ते खोटं. तिनं मनाशी हिशेब केला तो असा की उद्या कोऱ्या बशीत धागेच धागे निघतील, हा घाणा बाद होईल, आणि गुरुवारी पोरगी रिकाम्या हातानं बसेल. एवढंच. कुणाचं कायमचं नुकसान थोडंच आहे? तळ्यात गाळाला काय तोटा? अम्म मुंजीची होडी आहे, जाईल आणि बादलीभर आणेल पुन्हा. तोवर अहवाल लांबेल, सी तौफिकला दुसरं काही सुचेल.

तिनं चिकटपट्टी सोलून काढली आणि खिडकी सताड उघडली. मग नऊच्या नऊ झाकणं उचलून बाजूला ठेवली. वारा आत घुसला. महबूबा मावशीला ती दिसली.

“अगं जलिला, इतक्या उन्हाची अजून तिथंच? जा की घरी, नवरा उपाशी असेल!”

“जाते गं मावशी. जरा हवा घेते.”

“घे बाई घे. कसली मेली हवा, नुसती आग!”

पाव तास ती तिथं उभी होती. मग झाकणं होती तशी तिरपी ठेवली, खिडकी लावली, पट्टी अंगठ्यानं घोटून बसवली. घरी जाऊन तिनं भाजलेल्या मिरच्या-टोमॅटोचं सॅलड मेशविया केलं, नवऱ्याला वाढलं, स्वतः दोनदा मागून घेऊन खाल्लं. कित्येक दिवसांनी तिला भूक लागली होती.

गुरुवारी दहाला सगळे सी तौफिकच्या खोलीत बसले. सोंदुस शेवटी आली. डोळे सुजलेले, हातात वही, डगला काढायचंही भान नव्हतं. जलिलानं तिच्याकडे पाहिलं आणि तिला बरं वाटलं. हे खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं.

“माझ्याकडे दाखवायला काही नाही,” सोंदुस म्हणाली. “कोऱ्या बशीत दोनशे बारा धागे निघाले. सगळे पांघरुणाच्या जातीचे. घाणा बाद आहे.”

“दोनशे बारा!” सी तौफिकनी चष्मा काढला. “मग त्यात काय, पुन्हा कर. चार दिवस उशीर झाला तर मी मंत्रालयाला सांभाळून घेतो.”

“पुन्हा कशाचं करू, सी तौफिक? संपल्या.”

“म्हणजे सगळ्या वापरल्यास? थोडंही ठेवलं नाहीस?”

“होतंच मूठ-मूठभर. बारीक मोजायला तेवढं सगळं लागतं.”

जलिलाला कळेना. “काय संपलं?” तिनं विचारलं. “गाळ संपला? तळ्यात जाऊन आण की.”

सोंदुसनं सी तौफिककडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, आता सांगायला हरकत नाही अशी.

“तळ्यातून आजचा गाळ येईल, लल्ला. मला तुमचा हवा होता.” ती खाली बघून बोलत होती. “जिन्याखालच्या बरण्या. तुम्ही नको म्हणाला होतात, म्हणून मी सी तौफिकना विचारून घेतल्या. चूकच केली मी. चौदांतल्या नऊ वर्षांचा गाळ शिल्लक होता. तोच गाळ बारीक चाळणीनं मोजला असता तर तुमचे बत्तीस म्हणजे माझे किती, पस्तीस म्हणजे किती, ते कळलं असतं. मग सगळी वर्षं एका रेघेवर बसली असती. अहवालाचं पहिलं पान तेच करायचं ठरलं होतं, वर तुमचं नाव. जमेपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं, कारण नाही जमलं तर तुम्हाला किती लागेल…”

सी तौफिकनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि समोरचे कागद विनाकारण नीट केले.

“मोठे कण तरी मोजता येतील ना?” हयातनं हळूच विचारलं.

“जुळणी करायची ती धाग्यांवरच,” सोंदुस म्हणाली. “आणि त्या धाग्यांतला तळ्यातला कुठला अन् गच्चीवरचा कुठला, यंत्राला काय कळतंय? पट्टी मी नीट लावली नसेल. रेडिओच्या नादात होते. माझीच चूक आहे.” आणि ती रडायला लागली, सगळ्यांसमोर, डगल्याच्या बाहीत तोंड घालून.

“जलिला,” सी तौफिक म्हणाले, आणि या वेळी आवाजात गोडवा नव्हता, “मला वाईट वाटतं. पण मग आता तुमचे आकडे…”

“काढा,” जलिला म्हणाली.

त्या कपाटात तिनं स्वतः सहा वर्षांत डोकावून पाहिलं नव्हतं. मागितल्या तेव्हा ‘माझ्या’ म्हणाली होती, पण नऊ शिल्लक आहेत की सात, हे तिला सांगता आलं नसतं. आणि ही पोरगी त्या बरण्यांसाठी भट्टीत बसली होती. रडतेय तीही त्यांच्यासाठीच. जलिलाच्या डोळ्यांत मात्र टिपूस येईना. गप्प बसणं सोपं होतं. सोंदुसनं चूक अंगावर घेतलीच होती आणि ती कुणी परत मागणार नव्हतं. पण ही चूकसुद्धा हिच्याच नावावर जावी, सगळ्यांनी हिच्याच पाठीवरून हात फिरवावा, हे जलिलाला सोसलं नाही.

“पट्टी नीट होती,” ती म्हणाली. “मी काढली. खिडकी मी उघडली.”

सी तौफिकना ऐकलेलं खरं वाटेना. “कशासाठी?”

“हिचं मला बघवत नव्हतं, म्हणून.”

हयातनं तोंडावर हात ठेवला. सोंदुसनं बाहीतून मान वर केली. जलिला वाट बघत राहिली. आता ही ओरडेल, आता काही फेकून मारेल, आणि मग आपल्यालाही बोलता येईल. पण पोरीनं नाक पुसलं, वही उघडली, पेन हातात घेतलं.

“किती वेळ उघडी होती?”

“काय?”

“खिडकी. किती वेळ? झाकणं किती उचललीत? कोरी बशी कुठं होती, खिडकीजवळच ना? नीट आठवून सांगा, लल्ला. दोन बशा जरी झाकलेल्या राहिल्या असतील तर त्या दोन वर्षांवरून अजून काहीतरी बसवता येईल.”

पेन कागदावर टेकून ती थांबली होती. जलिलानं तिच्याकडे पाहिलं. एवढं सगळं होऊन गेल्यावरही तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की तिच्या जागी मी असते तर हे विचारायला मला सुचलं नसतं.

“पाव तास,” ती म्हणाली. “नऊच्या नऊ.”

सोंदुसनं ते लिहून घेतलं.